जागा साठ, तर नावेही साठच

गावात शिबिर ठरले की पहिली हालचाल व्हॉट्सअ‍ॅपवर होते. ‘आपले नाव खाली जोडा आणि यादी पुढे पाठवा.’ दहा-बारा नावांपर्यंत हे बरे चालते. मग दोघे एकाच वेळी यादी उचलतात, दोघेही पंचविसाव्या क्रमांकावर आपापले नाव लिहितात आणि गटात दोन निरनिराळ्या याद्या फिरू लागतात. कोणाचे नाव गळले हे थेट शिबिराच्या दिवशी, रांगेत कळते. या गोंधळाला कंटाळून मंडळे, बचत गट आणि शाळा ऑनलाइन फॉर्मकडे वळतात. फॉर्ममुळे नाव हरवत नाही, वेळेची नोंद राहते आणि यादी आपोआप तयार होते. पण त्याची एक अडचण लवकरच लक्षात येते. फॉर्म स्वतःहून थांबत नाही. जागा साठ असोत की सहाशे, तो येईल त्याचे नाव घेत राहतो आणि प्रत्येकाला सारख्याच शब्दांत ‘आपली नोंद झाली’ असे सांगतो. एकसष्टावा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. नोकरीवर रजा टाकतो, दुपारची धार शेजाऱ्याला सांगतो आणि गावच्या चौकात येऊन उभा राहतो. शिबिराला नेणाऱ्या बसमध्ये जागा नाही, हे त्याला तिथे कळते.

हे टाळता येते आणि त्यासाठी संगणकाचे मोठे ज्ञान लागत नाही. लागते ती थोडी पूर्वतयारी.

नोंदणीला मर्यादा घालणे आपल्या बारामती भागाला नवे नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी हवे असेल तर शेतकरी हंगामाआधी सात नंबरचा पाणी अर्ज भरतो. पाटबंधारे खाते मुदत जाहीर करते आणि धरणात पाणी किती आहे ते बघून मंजुरी देते. याच कालव्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाणी मोजकेच असल्यामुळे उसासारखे बारमाही पीक ब्लॉकच्या ठरावीक हिश्शातच घ्यायचे आणि ते पाणी जास्तीत जास्त गावांत पोचवायचे, हा तिचा गाभा. साखर कारखान्याची ऊस नोंदही तशीच. लागणीची तारीख लिहिली जाते आणि तोडीचा क्रम त्यावरून लागतो. या व्यवस्थांबद्दल तक्रारी होत्या, आजही आहेत. तरीही किती द्यायचे, कोणत्या क्रमाने द्यायचे आणि उरलेल्यांना काय सांगायचे, या तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. फॉर्म उघडताना मात्र आपण हेच तीन प्रश्न विसरतो.

पहिला प्रश्न आकड्याचा. साठ, शंभर, दोनशे असे गोल आकडे मनाने घेऊ नका. आपल्या कार्यक्रमात नेमके काय अपुरे आहे ते आधी शोधा. नेत्रतपासणीचे उदाहरण घेऊ. एक डॉक्टर, सकाळी ९ ते दुपारी १ ही वेळ, एका रुग्णाला सरासरी ६ मिनिटे. चार तासांत ४० रुग्ण होतात. मंडपात दोनशे खुर्च्या असल्या तरी आपली मर्यादा ४० आहे. दोन डॉक्टर आले तर ८०, पण डोळ्यांत औषध घालणारा सहायक एकच असेल तर पुन्हा हिशोब बदलतो. शिवणकामाच्या वर्गात अपुरी असते ती मशीन, सहलीत बसमधली जागा, व्याख्यानाला सभागृह. रक्तदान शिबिरात रक्तपेढीचे पथक दिवसात किती जणांचे रक्त घेऊ शकते हे त्यांनाच आधी विचारावे. नेमकी अपुरी असलेली ही गोष्ट सापडली की मर्यादा आपोआप ठरते आणि कोणी ‘आमचे दोन वाढवा की’ म्हणाले तर देण्यासाठी खरे उत्तर हाताशी असते.

आता यंत्राकडे वळू. सर्वांत जास्त वापर गुगल फॉर्मचा आहे, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहितो. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘एका व्यक्तीला एकच प्रतिसाद’ असा पर्याय असतो आणि अनेकांना तीच मर्यादा वाटते. तो पर्याय एका माणसाने दोनदा फॉर्म भरू नये एवढ्यासाठीच आहे, एकूण संख्येशी त्याचा संबंध नाही. शिवाय तो सुरू केला की प्रत्येकाला स्वतःच्या गुगल खात्यातून आत यावे लागते. ज्या घरात एकाच फोनवरून सासू, सून आणि मुलगी अशा तिघींची नावे भरली जातात, तिथे दुसरीचे नाव अडकते. गावच्या कार्यक्रमासाठी तो बंदच ठेवावा. दुबार नावे नंतर मोबाइल क्रमांक आणि नाव अशी जोडी ताडून काढता येतात.

एकूण संख्येवर फॉर्म आपोआप बंद करण्याची सोय गुगल फॉर्ममध्ये कित्येक वर्षे नव्हती. आता प्रतिसाद स्वीकारण्याच्या सेटिंगपाशीच ठरावीक तारखेला किंवा ठरावीक संख्येला फॉर्म बंद करण्याचा पर्याय तुमच्या खात्यात दिसत असेल, तर तोच वापरा. आकडा टाकायचा, काम झाले. दिसत नसेल तर फॉर्मलिमिटर नावाचे जोडसाधन आहे. फॉर्म संगणकावर उघडून अ‍ॅड-ऑनच्या यादीतून ते घ्यावे लागते. फोनवर ही जोडसाधने नीट चालत नाहीत, म्हणून एवढ्या कामासाठी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकावर बसा. त्यात बंद करण्याचे तीन मार्ग मिळतात: तारीख-वेळ, प्रतिसादांची संख्या किंवा जोडलेल्या शीटमधल्या एका चौकटीतली नोंद. जोडसाधन तुमच्या गुगल खात्यात शिरण्याची परवानगी मागते. एखाद्या तरुणाच्या खासगी खात्यावरून हे सारे करू नये, याचे हे एक कारण. मंडळाच्या नावाचे वेगळे खाते काढा आणि फॉर्मला किमान दोघांना संपादक म्हणून जोडा. खाते ज्याच्या नावावर आहे तो पुण्याला नोकरीला गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला, असे घडायला नको.

गावात कोणाला थोडे प्रोग्रॅमिंग येत असेल तर तिसरा मार्ग गुगलच्याच अ‍ॅप्स स्क्रिप्टचा. काम सोपे आहे. फॉर्म सबमिट झाला की स्क्रिप्ट जागी व्हावी, आजवरचे प्रतिसाद मोजावेत, मर्यादा गाठली असेल तर स्वीकारणे बंद करावे, बंद झाल्याचा संदेश लावावा आणि आयोजकाला एक मेल पाठवावा. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीलाही हे तासाभरात जमावे. फक्त तिला एक गोष्ट आवर्जून सांगा: स्क्रिप्ट नाव येऊन पडल्यावर चालते, आधी नाही. शेवटच्या दोन जागांसाठी पाच जणांनी एकाच क्षणी बटण दाबले तर पाचही नावे आत येऊ शकतात. जोडसाधनांनाही ही अडचण आहे. म्हणून यंत्रातला आकडा खऱ्या क्षमतेहून दोन-तीनने कमी ठेवा. बस पन्नास जणांची असेल तर फॉर्म सत्तेचाळीसला थांबू द्या.

गुगलवाचूनही चालते. झोहो ही तमिळनाडूत मुख्यालय असलेली भारतीय कंपनी आहे. तिच्या फॉर्ममध्ये एकूण नोंदींवर मर्यादा घालण्याची सोय आहे. जॉटफॉर्ममध्येही ती आहे. मात्र ज्या साधनाची सवय गावात आहे ते सोडून दुसरे आणण्यापेक्षा त्याच्यातच नीट व्यवस्था लावलेली बरी, असे माझे मत आहे.

सर्वांत जास्त घोटाळा ज्या ठिकाणी होतो ते ठिकाण वेगळेच आहे. यंत्र प्रतिसाद मोजते, माणसे नव्हे. सहलीच्या फॉर्ममध्ये ‘किती जण येणार?’ असा प्रश्न टाकला आणि मर्यादा ५० प्रतिसादांची ठेवली, तर प्रत्येक घरातून दोघे-तिघे धरून सव्वाशे माणसे दारात येतील. फॉर्म अगदी वेळेवर बंद झालेला असेल आणि तरीही बस अडीचपट भरलेली असेल. यावर सरळ उपाय आहे: एका माणसाला एक फॉर्म. कुटुंबाला चार वेळा भरावा लागतो, पण हिशोब चोख राहतो आणि प्रत्येकाचे नाव, वय हाताशी येते. आरोग्य शिबिर आणि प्रशिक्षण यांना हाच मार्ग घ्यावा.

कुटुंबाने एकत्र नाव नोंदवणेच सोयीचे असेल तर संख्या लिहायला मोकळी जागा देऊ नका. कोणी ‘दोन’ लिहिते, कोणी ‘मी व मंडळी’, कोणी देवनागरी २ टाकते आणि शीटची बेरीज तिथेच कोलमडते. १, २, ३, ४ असे इंग्रजी आकडे असलेली निवडयादी द्या. जोडलेल्या शीटमध्ये वेगळे पान उघडून त्यावर या रकान्याची बेरीज करा. नवा प्रतिसाद आला की प्रतिसादांच्या पानावर नवी ओळ घुसते आणि तिथे लिहिलेली सूत्रे सरकतात, म्हणून सूत्र कधीही त्या पानावर ठेवू नये. आता एक बारकावा. बेरीज ६० झाली की बंद, असे सांगितले आणि ५८ वर असताना तिघांचे कुटुंब आले, तर बेरीज ६१ होते. नेमके ६० कधी येतच नाही आणि फॉर्म उघडाच राहतो. त्यासाठी दुसऱ्या एका चौकटीत ‘बेरीज ६० किंवा जास्त झाली तर पूर्ण, नाहीतर चालू’ असे सूत्र लिहा आणि फॉर्मलिमिटरला ‘पूर्ण’ हा शब्द दिसला की थांब, असे सांगा.

गटवार किंवा वेळवार जागा असतील, म्हणजे सकाळी ९ ते १० ला दहा आणि १० ते ११ ला दहा, तर पर्याय भरला की तो यादीतून काढून टाकणारी चॉइस एलिमिनेटरसारखी जोडसाधने मिळतात. पण ज्याने फॉर्म आधीच उघडून ठेवला आहे त्याच्या पडद्यावर भरलेली वेळ दिसतच राहते. चार-पाच तुकड्यांपर्यंत प्रत्येक तुकडीचा स्वतंत्र फॉर्म करणे मला अधिक खात्रीचे वाटते. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोज ३ हजार पर्यटकांची मर्यादा आणि ऑनलाइन आरक्षण असते, तेही दिवसभराच्या वेगवेगळ्या वेळांत वाटलेले. एकूण मर्यादेला वेळांची जोड दिली की गर्दी फुटते. गावच्या शिबिरातही ज्येष्ठांना उन्हात तासन्‌तास बसावे लागत नाही.

रद्द होणाऱ्या नावांचे काय? पन्नासातले पाच-सात जण ऐनवेळी येत नाहीत, विशेषतः कार्यक्रम फुकट असेल तेव्हा. शीटमधली ओळ पुसली म्हणजे जागा मोकळी झाली, असे समजू नका. शीटमधून पुसलेला प्रतिसाद फॉर्मच्या मोजणीत तसाच राहतो. तो फॉर्ममध्ये जाऊनच काढावा लागतो. त्यापेक्षा शीटमध्ये ‘रद्द’ असा स्वतंत्र रकाना ठेवा, तिथे खूण करा आणि मोकळी जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला द्या. प्रतीक्षा यादीचा फॉर्म वेगळा असावा, त्यालाही मर्यादा असावी आणि वर ठळक लिहावे: ‘ही प्रतीक्षा यादी आहे. जागा मिळाली तरच फोन येईल.’ कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी प्रत्येकाला फोन करून ‘येताय ना?’ एवढे विचारले तरी निम्मा गोंधळ कमी होतो. व्याख्यानाला चार खुर्च्या जास्त मांडता येतात, म्हणून तिथे पाच-दहा नावे वाढीव घेतली तर चालेल. बस, शिवणयंत्र आणि डॉक्टर यांच्या बाबतीत ते कधीच करू नये.

यंत्राचे इथवर झाले. न्यायाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. मर्यादा घातली की ‘आधी येईल त्याला’ हा नियम आपोआप लागू होतो आणि ऑनलाइन जगात आधी येतो तो ज्याच्या हातात दिवसभर चांगला फोन असतो. २०२१ च्या मे महिन्याची आठवण अनेकांना असेल. १८ ते ४४ वयोगटासाठी कोविन या कोविड लसीकरणाच्या संकेतस्थळावर २८ एप्रिलपासून नोंदणी आणि १ मेपासून लसीकरण सुरू झाले. लसी मोजक्या होत्या आणि वेळा उघडताच मिनिटांत संपत होत्या. जिल्ह्यातल्या खेडोपाडीच्या केंद्रांवर शहरातले तरुण वेळ आरक्षित करून गाडीने येत, आणि केंद्रासमोर राहणारा माणूस ओटीपीची वाट बघत बसे. मर्यादा बरोबर होती, यंत्रही बरोबर चालत होते, तरी गावात मनस्ताप झाला. अखेर २४ मे रोजी केंद्र सरकारने या वयोगटाला सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणीची मुभा दिली.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे: सगळ्या जागा फॉर्मवर टाकू नका. साठ जागांपैकी पंचेचाळीस ऑनलाइन ठेवा आणि पंधरा ग्रामपंचायतीत, आशाताईंकडे किंवा आपले सरकार सेवा केंद्रात वहीवर ठेवा. फॉर्मची मर्यादा मग पंचेचाळीसच असेल. वहीतल्या जागांना वेगळी मुदत द्या आणि त्या भरल्या नाहीत तर ऑनलाइन प्रतीक्षा यादीकडे वळवा. हे नोंदणी सुरू होण्याआधीच जाहीर करा, नाहीतर ‘आपल्या माणसांसाठी जागा दाबून ठेवल्या’ असा आरोप होईल आणि तो आरोप करणाऱ्याला दोष देता येणार नाही.

फॉर्म कधी उघडायचा, यालाही महत्त्व आहे. सकाळी दहाला उघडला तर शिक्षक आणि कार्यालयातली माणसे भरतील. ऊसतोडीला, खुरपणीला गेलेली बाई संध्याकाळी घरी येऊन फोन हातात घेईपर्यंत जागा संपलेल्या असतील. रात्री ८ ची वेळ बरी. दूध घालून झालेले असते, माणसे घरी असतात. तारीख आणि वेळ दोन दिवस आधी गावाच्या गटात, फलकावर आणि शक्य असेल तर मंदिराच्या भोंग्यावरून सांगा.

मागणी जागांच्या कितीतरी पट असेल, तर माझे स्पष्ट मत चिठ्ठ्यांच्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांचे प्रवेश महाराष्ट्रात ऑनलाइन सोडतीने होतात, त्यापाठोपाठ प्रतीक्षा यादी लागते. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरील शेतकरी योजनांची निवड अनेक वर्षे संगणकीय सोडतीने होत असे. २०२५ मध्ये सरकारने तिथे आधी अर्ज करणाऱ्यास आधी लाभ ही पद्धत स्वीकारली. सोडतीत वर्षानुवर्षे नंबर लागत नाही ही शेतकऱ्यांची तक्रार खरी होती, त्यामुळे दोन्ही बाजूंना कारणे आहेत. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला, तेव्हा पहिल्या टप्प्यासाठी सुमारे एक हजार शेतकरी घेतले आणि इच्छुक त्याहून कितीतरी अधिक होते. अशा ठिकाणी जमिनीचा प्रकार, पाण्याची सोय असे निकष लावून निवड करणेच रास्त. गावच्या छोट्या कार्यक्रमात मात्र तीन दिवस फॉर्म उघडा ठेवावा, तारखेनुसार तो आपोआप बंद व्हावा आणि चावडीवर चारचौघांसमोर चिठ्ठ्या काढाव्यात. इथे संख्येची मर्यादा यंत्राला न सांगता मुदतीची सांगायची. कोणाचाही फोन कितीही जलद असला तरी त्याला फायदा मिळत नाही.

बंद झालेल्या फॉर्मवर काय लिहायचे, याकडे बहुतेक आयोजक बघतच नाहीत. गुगलचा ठरलेला संदेश फक्त एवढेच सांगतो की हा फॉर्म आता प्रतिसाद स्वीकारत नाही. वाचणाऱ्याला वाटते दुवाच बिघडला आहे, आणि तो पाच जणांना फोन करतो. स्वतःचा संदेश लिहा: ‘नेत्रतपासणीच्या ४० जागा भरल्या आहेत. प्रतीक्षा यादीसाठी ग्रामपंचायत कार्यालयात सकाळी १० ते १२ या वेळेत नाव द्या. पुढचे शिबिर ठरल्यावर याच गटात कळवू.’ पुढचे शिबिर ठरलेले नसेल तर शेवटचे वाक्य गाळा. खोटी आशा दाखवू नये. फॉर्मच्या माथ्यावरही पहिल्याच ओळीत जागा किती, मर्यादा भरली की काय होईल आणि निवड कशी होईल हे लिहा. वाद झालाच तर नोंदीची वेळ बघावी लागते, म्हणून शीटच्या सेटिंगमध्ये वेळक्षेत्र भारताचे आहे ना, ते एकदा तपासा. ते परदेशी राहिले तर रात्री आठची नोंद भलत्याच वेळेची दिसते.

माहिती लागेल तेवढीच मागा. शिबिराला आधार क्रमांक लागत नाही, सहलीला बँक खाते लागत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी, गावातल्या बायकांचे मोबाइल क्रमांक कोणाच्याही हाती पडू नयेत ही आपली जबाबदारी आहे. फॉर्ममधला ‘निकालाचा सारांश सर्वांना दाखवा’ हा पर्याय बंद असावा आणि शीट ‘दुवा असणाऱ्या कोणालाही’ अशी उघडी ठेवू नये. कार्यक्रम झाल्यावर महिनाभरात ती पुसून टाका.

आणि फॉर्म गावात पाठवण्याआधी त्याची चाचणी घ्या. मर्यादा ३ ठेवा, घरातल्या चौघांना चार फोनवरून भरायला सांगा. चौथ्याला बंदचा संदेश दिसला पाहिजे, तोही तुम्ही लिहिलेला. मग चाचणीच्या नोंदी शीटमधून नव्हे तर फॉर्ममधूनच काढा, नाहीतर त्या तीन जागा गावाला कमी पडतील. फॉर्म पुन्हा सुरू करा, खरी मर्यादा टाका आणि वहीवरच्या जागा ज्या ताईंकडे दिल्या आहेत त्यांना एक फोन करून सर्व समजले आहे ना, ते विचारा. त्यानंतरच दुवा गटात टाका.